बांज : एका हिमालयीन ओकवृक्षाची प्रकृती आणि वाढ

(व्याख्यान पहिले)



ज्या अध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांची शिकवण्याची रीत आपणांपैकी पुष्कळांच्या प्रत्यक्ष अनुभवातली आहे. विद्यार्थ्याने एखाद्या झाडाचे नाव विचारले, की ते सांगण्याआधी ते त्याला त्या झाडाच्या बुडाशी बसवीत, तेथला पातेरा बाजूला सारायला लावीत आणि खालची माती मुठीत घेऊन ती ओली आहे की कोरडी, भुसभुशीत आहे की घट्ट, हे आधी त्याच्या तोंडून वदवून घेत. आजचा विषय निवडताना ही रीत माझ्यापुढे होती. कारण ज्या वृक्षाविषयी मी बोलणार आहे, त्याचे खरे कर्तृत्व फांद्यांवर थोडे आणि मुळाशी फार आहे. कुमाऊं आणि गढवाल या हिमालयाच्या मुलखांत लोक ज्याला बांज म्हणतात आणि वनस्पतिशास्त्र ज्याची नोंद क्वेर्कस ल्यूकोट्रायकोफोरा या नावाने करते, तो हा आपल्या देशातला एक अस्सल ओक.

विंध्याच्या दक्षिणेस, म्हणजे आपल्या सातपुड्यात किंवा सह्याद्रीत, ओक रानटी अवस्थेत आढळत नाही. चहाकॉफीच्या मळ्यांत आणि थंड हवेच्या ठिकाणच्या बंगल्यांच्या आवारात जो उंच, नक्षीदार पानांचा सिल्व्हर ओक दिसतो तो ऑस्ट्रेलियातून आणलेला असून ओकांच्या कुळाशी त्याचा काही संबंध नाही. तरीही ओकाने मराठी घरात प्रवेश केलेला आहे, आणि तोही दोन वाटांनी. बाळगुटीच्या सहाणेवर हिरडा, वेखंड, मुरुडशेंग यांच्या पाठोपाठ जे टणक मायफळ उगाळले जाते, ते वस्तुतः फळ नव्हेच. पश्चिम आशियातील एका ओकाच्या कळीत एक सूक्ष्म कीटक अंडे घालतो आणि त्या अंड्याभोवती झाड जी गाठ उभारते, ती गाठ म्हणजे मायफळ. दुसरी वाट गोड्या मसाल्याची. त्यात पडणारे दगडफूल हे एक शैवाक आहे, आणि बाजारात येणाऱ्या दगडफुलापैकी पुष्कळसे कुमाऊं-गढवालच्या डोंगरांत, तेथील लोक ज्याला झूला म्हणतात त्या रूपाने, ओकांच्या खोडांवरून आणि फांद्यांवरून खरवडून गोळा केलेले असते. ज्या वृक्षाचा वास आपल्या आमटीला येतो, त्याची ओळख करून घेणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

पायथ्याच्या सालवनातून वर चढू लागले म्हणजे साधारण हजार मीटरच्या सुमारास चिडाचे, म्हणजे लांब सुयांच्या पाइनचे, उघडे आणि कोरडे जंगल सुरू होते, आणि पंधराशे मीटरच्या वर, विशेषतः उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर, हवा एकाएकी बदलते. सावली दाट होते, पायाखालची वाट मऊ लागते, खोडांवर शेवाळ, नेचे आणि आमरे दिसू लागतात. हा बांजाचा प्रदेश. तो साधारण तेवीसशे मीटरपर्यंत पसरतो. त्याच्या आसपास त्याचे भाऊबंदही आहेत : ओलसर घळींत खाली उतरणारा फल्यांट, वरच्या अंगाला रियांज आणि तिलोंज, ज्याला गढवालात मोरू म्हणतात, आणि या सर्वांच्या वर, जवळजवळ वृक्षरेषेपर्यंत पोचणारा खरसू. बांजाच्या सोबतीला बुरांस, अयार आणि काफळ ही झाडे बहुधा असतातच, आणि मार्च महिन्यात बुरांसाची तांबडीलाल फुले या काळसर हिरव्या वनात फुलली म्हणजे निबर वनाधिकाऱ्याचीही पावले तेथे रेंगाळल्याशिवाय राहत नाहीत.

बांज हा अवाढव्य वृक्ष नव्हे. चांगल्या जमिनीत तो वीस-पंचवीस मीटर उंची गाठतो. पण गावालगत, जेथे त्याच्या फांद्या पिढ्यान्‌पिढ्या छाटल्या जातात, तेथे तो बुटका, गाठाळ आणि वेडावाकडा झालेला दिसतो, आणि ज्याने फक्त असेच बांज पाहिले असतील त्याला या झाडाच्या मूळ रूपाची कल्पना येणे कठीण. साल करड्या रंगाची, भेगाळलेली, खपल्यांनी सुटणारी. पान हातात घ्यावे : वरची बाजू गर्द हिरवी, चामड्यासारखी चिवट आणि गुळगुळीत, कडा करवतीसारखी, दात इतके तीक्ष्ण की मूठ आवळली तर बोचावेत, आणि पान उलटे केले की मागली बाजू पांढुरक्या, दाट लवेने पूर्णपणे झाकलेली. वारा आला म्हणजे अख्खा उतार क्षणभर हिरव्याचा रुपेरी होतो तो या लवेमुळे. पर्णरंध्रे याच बाजूस असतात, आणि त्यांच्यावरची ही लव कोरड्या वाऱ्याला थेट त्यांच्यापर्यंत पोचू देत नाही. पुढे जे सांगावयाचे आहे त्यात पाण्याची काटकसर हा धागा वारंवार येणार आहे. त्याचे पहिले टोक हे असे पानाच्या पाठीवर आहे.

बांज सदाहरित असला, तरी त्याचे पान वर्षभरच टिकते. मार्च ते मे या काळात जुनी पाने गळत असतानाच नवी फुटतात, आणि ती कोवळी पालवी तांबूस-जांभळट, लवदार आणि इतकी नाजूक असते की थोड्या आठवड्यांनी हीच पाने दातेरी आणि चिवट होतील यावर विश्वास बसू नये. आश्चर्याची गोष्ट या पालवीच्या वेळेची आहे. हिमालयाच्या या भागात पावसाचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो. एप्रिल-मे हे वर्षातले अत्यंत कोरडे दिवस, वणव्यांचे दिवस, झरे आटण्याचे दिवस. नेमक्या याच दिवसांत बांज आपली सारी पालवी नवी करतो, म्हणजे पाण्याची गरज ज्या कामाला सर्वांत अधिक ते काम पाणी सर्वांत कमी असताना हाती घेतो. हे त्याला साधते, कारण त्याची मुळे खडकांच्या भेगांतून पुष्कळ खोल गेलेली असतात आणि गेल्या पावसाळ्याची तेथे अडकून राहिलेली ओल त्यांच्या आवाक्यात असते. जूनमध्ये पाऊस सुरू होतो तेव्हा पान पुरते तयार असते, आणि पावसाळ्याचा एकही दिवस वाया न जाता सारी वाढ त्या काळात करून घेता येते.

याच सुमारास फुलोरा येतो. नरफुलांची बारीक, लोंबती कणसे वाऱ्यावर परागांचा पिवळा धुरळा सोडतात. मादीफुले मात्र इतकी लहान आणि पानांच्या बगलेत इतकी दडलेली असतात की ती मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाहीत. परागण झाल्यावर फळ धरते, पण ते वाढत नाही. पहिला पावसाळा जातो, पहिला हिवाळा जातो, आणि ते मोहरीच्या दाण्याहून थोडे मोठे असे फांदीला चिकटून राहते. दुसऱ्या वर्षी ते फुगू लागते, खवल्याखवल्यांच्या वाटीतून हळूहळू बाहेर डोकावते, आणि थंडीच्या महिन्यांत पिकून तपकिरी होते. सांगावयाचे तात्पर्य असे, की हिवाळ्यात बांजाच्या एकाच झाडावर दोन पिढ्यांची फळे असतात : एक पिकून गळण्याच्या बेतात आलेली, दुसरी अजून बाल्यावस्थेत. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

फळ गळाले की त्याच्यावर हक्क सांगणारे अनेक असतात. अस्वले, लंगूर, उडत्या खारी, रानडुकरे, कवड्यांच्या जातीचे आणि तितरांच्या कुळातले पक्षी, यांना ते अत्यंत प्रिय. आणि फळ झाडावर असतानाच सोंड्या भुंगेरा त्यात अंडे घालून ठेवतो ते वेगळेच. जय नावाचे चतुर पक्षी ही फळे उचलून दूरदूर नेतात, पानांखाली लपवतात आणि त्यांतील काही तेथेच राहून जातात. वारा जे जड बी उचलू शकत नाही ते उताराच्या वरच्या अंगाला नेण्याचे काम अशा रीतीने पार पडते. धान्यासारखे हे बी वर्षानुवर्षे साठवून ठेवता येत नाही. ते सुकले की मेले. गळाल्यापासून पावसाची ओल मिळेपर्यंतचे महिने त्याला तग धरावयाचा असतो तो पातेऱ्याच्या जाड थराखाली, आणि जेथे पातेरा झाडून नेलेला असेल, तेथे उन्हाने तडकलेल्या उघड्या जमिनीवर पडलेल्या शंभर फळांची किंमत शून्य असते.

रुजताना बांज जो क्रम पाळतो तो त्याच्या सबंध स्वभावाचा निदर्शक आहे. प्रथम उतरते ते सोटमूळ. बीजदले कवचाच्या आतच, जमिनीलगत राहतात आणि आपला सारा साठा त्या मुळाला पुरवतात. मूळ चांगले खोल गेल्यावरच कोंब वर निघतो, आणि चार-सहा पाने काढून थांबतो. पहिली कित्येक वर्षे हे रोप वाढत नाही असेच पाहणाऱ्याला वाटते. गुरांनी शेंडा खाल्ला, दहिवराने जाळला, तर ते खाली मुळाच्या डोक्याशी पुन्हा फुटते, पुन्हा खाल्ले जाते, पुन्हा फुटते. वर वीतभर उंचीचे दिसणारे रोप खाली मुळाने कितीतरी वर्षांचे म्हातारे असू शकते. कोवळेपणी त्याला सावली मानवते, किंबहुना हवी असते. मोठा झालेला वृक्ष तोडला तरी त्याच्या खुंटाला धुमारे फुटतात. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत काम केलेल्या आर. एस. ट्रूप यांच्या, भारतीय वृक्षांच्या संवर्धनावरील १९२१ सालच्या त्रिखंडी ग्रंथापासून आजवर ज्या ज्या वनशास्त्रज्ञांनी या झाडाची दखल घेतली, त्या सर्वांना त्याच्या सावकाश वाढीची नोंद करावी लागली आहे. मला स्वतःला सावकाश हा शब्द येथे अपुरा वाटतो. बांज आपली वाढ प्रथम जेथे करतो तेथे मोजपट्टी लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता मातीकडे वळू. दरवर्षी गळणारा बांजाचा पाला दीड-दोन वर्षांत बराचसा कुजून काळ्या, मऊ, बुरशीच्या वासाच्या थरात रूपांतरित होतो. या थरात बुरशीचे पांढरे धागे मुळांना गुंडाळून राहतात, जमिनीतील पोषक द्रव्ये आणि पाणी त्यांना मिळवून देतात आणि मोबदल्यात झाडाने पानांत तयार केलेली साखर घेतात. पावसाचा मारा आधी पर्णसंभारावर, मग खालच्या झुडपांवर, मग शेवाळावर आणि पातेऱ्यावर तुटतो. जमिनीपर्यंत पोचेतो त्या पाण्याचा वेग संपलेला असतो, आणि भुसभुशीत मातीतून ते खाली उतरते. कुमाऊंच्या गावांत झऱ्याच्या तोंडाशी दगडी बांधणीच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या लहान कुंड्या असतात, त्यांना नौले म्हणतात. त्यांतील पुष्कळ नौल्यांच्या वरच्या अंगाला बांजाचे रान राखलेले आढळते, आणि बांजाच्या मुळांचे पाणी गार आणि गोड असते ही तेथील बायामाणसांची पिढीजात श्रद्धा आहे.

या श्रद्धेचा मी आदर करतो. म्हणूनच तिच्याविषयी अतिशयोक्ती करण्याचे टाळतो. बांज पाणी निर्माण करीत नाही. उलट, कोणताही वृक्ष पाणी पितो आणि हवेत सोडतो. झरा कोठे फुटावा हे खडकांच्या थरांवर आणि भेगांवर ठरते, आणि किती वाहावा हे पावसावर. बांजाच्या रानाचे काम या दोहोंमधले आहे : पडलेले पाणी उतारावरून एका दिवसात निघून न जाता ते जमिनीत मुरावे, आणि मुरताना वरची माती जागच्या जागी राहावी, ही व्यवस्था ते पाहते. ज्या उतारावर ही व्यवस्था शतकानुशतके चाललेली आहे तेथली माती बांजाने घडवलेली आहे, आणि या मातीवाचून बांजाची पुढली पिढी तेथे उभी राहू शकत नाही. माझ्या आजच्या प्रतिपादनाचे मर्म एवढेच आहे. इतर झाडे जमीन मिळाली की लागतात. बांजाला जमीन मिळत नाही, ती त्याला करावी लागते, आणि ती एकदा हातची गेली की केवळ झाड लावून परत येत नाही.

याचा शास्त्रीय पुरावा फार जुना नाही. नैनितालच्या कुमाऊं विद्यापीठातील जे. एस. सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली 'नेचर' या नियतकालिकात बांजाच्या जागी चीड आल्याने जमिनीत काय घडते यासंबंधी एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. चीड आपली सुई टाकण्यापूर्वी तिच्यातील नत्राचा बराच भाग परत खोडात ओढून घेतो; त्यामुळे खाली पडणारा पिरूल, म्हणजे सुयांचा पातेरा, नत्राच्या दृष्टीने दरिद्री असतो. तो कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना आपला निर्वाह त्याच्यावर करता येत नाही, म्हणून ते जमिनीतले उरलेसुरले नत्र उचलतात आणि आपल्या शरीरांत अडकवून ठेवतात. चिडाला थोडक्या नत्रावर भागवता येते, बांजाला येत नाही. अशा रीतीने चिडाच्या सहवासातली जमीन बांजाला परकी होत जाते. त्यात वणव्याची भर. जाड सालीचा चीड आगीतून सहीसलामत सुटतो, वाळलेला पिरूल भडका उडवून देतो, आणि पातेऱ्याच्या आश्रयाने उगवलेली बांजाची रोपे भाजून निघतात. तथापि चिडाला खलनायक ठरवण्याची जी लकब अलीकडे आली आहे ती मला मान्य नाही. चीडही हिमालयाचाच पुत्र आहे; उन्हाने तापणाऱ्या दक्षिणेकडच्या उघड्या कड्यांवर त्याच्याखेरीज दुसरे कोण उभे राहणार? दोष आहे तो त्याला बांजाच्या उतारावर नेऊन बसवणाऱ्या हिशेबाचा.

हा हिशेब सरकारी दप्तरात कसा लिहिला गेला ते पाहण्यासारखे आहे. कुमाऊंचा आयुक्त ट्रेल याने १८२३ साली गावांच्या हद्दी ठरवल्या. विक्रम संवताच्या १८८० या सालावरून लोक त्या बंदोबस्ताला अस्सी सालचा बंदोबस्त म्हणतात. हद्दीतली राने ही गावाची, त्यांची वहिवाट गावाची, अशी रयतेची समजूत पुढे सत्तर वर्षे निर्वेध चालली. १८९३ च्या ऑक्टोबरात सरकारने एका जाहीरनाम्याने सारी बेनाप, म्हणजे मोजणीत न आलेली, जमीन संरक्षित वन म्हणून आपल्याकडे घेतली, आणि १९११ ते १९१७ या काळात झालेल्या वनबंदोबस्ताने त्यातील मोठा प्रदेश राखीव केला. चराईवर, पाला तोडण्यावर, जळणावर कलमे बसली. या सर्व खटाटोपाच्या मुळाशी होता तो चीड : त्याचा डिंक, त्यापासून निघणारे टर्पेंटाइन आणि रोझिन, आणि मसाला पाजून रेल्वेच्या रुळांखाली घालता येणारे त्याचे लाकूड. बांजाचे लाकूड कठीण आणि जड, पण ते वाळताना फाटते, वाकते. डोंगरी शेतकऱ्याच्या नांगराला आणि अवजारांच्या दांड्यांना ते उत्तम, चुलीला आणि कोळशाला त्याहून उत्तम, परंतु ठेकेदाराच्या लिलावात त्याला बोली नाही. ज्या वहीत फक्त बाहेर गेलेल्या मालाची नोंद होते, तीत जागच्या जागी राहून काम करणाऱ्या वृक्षाचे खाते उघडलेच जात नाही.

१९२१ च्या उन्हाळ्यात, बागेश्वरला कुली-उताराच्या वेठबिगारीच्या वह्या नदीत बुडवल्या गेल्यानंतर काही महिन्यांनी, कुमाऊंची राखीव जंगले पेटली, आणि ती लोकांनी पेटवली. रामचंद्र गुहा यांनी आपल्या १९८९ च्या ग्रंथात एका गोष्टीकडे लक्ष वेधले आहे, ती मला अतिशय अर्थपूर्ण वाटते : जळाली ती मुख्यत्वे सरकारी उत्पन्नाची चिडाची राने, रुंद पानांची राने, तीही सरकारच्याच ताब्यात असून, लोकांनी वाचवली. संतापाच्या भरातही कोणते झाड आपले, हे त्या शेतकऱ्यांना बरोबर ठाऊक होते. पुढल्याच वर्षी गोविंद वल्लभ पंत यांनी कुमाऊंच्या वनप्रश्नावर पुस्तक लिहून रयतेची बाजू मांडली. कुमाऊंतील पंत घराणी आपले मूळ महाराष्ट्रात सांगतात, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही. आणि आपल्या इकडच्या इतिहासाला हे प्रकरण सर्वस्वी अपरिचितही नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत भाताच्या रोपासाठी राब भाजण्याकरिता ऐनाच्या फांद्या तोडण्याचा कुळांचा हक्क आणि वनखात्याचे कायदे यांचा तंटा इतका विकोपाला गेला होता, की मुंबई सरकारला १८८५ साली त्यासाठी स्वतंत्र कमिशन नेमावे लागले.

कुमाऊंतल्या आगींनंतर बसलेल्या चौकशी समितीच्या शिफारशीवरून राखीव वनांचे दोन वर्ग पाडण्यात आले. व्यापारी मोलाची वने दुसऱ्या वर्गात राहून वनखात्याकडे ठेवली गेली. ज्यांना बाजारात किंमत नाही ती पहिल्या वर्गात घालून महसूल खात्याच्या स्वाधीन झाली, आणि बांजाच्या रानांचा मोठा भाग या पहिल्या वर्गात गेला. लोकांना त्यांचे रान परत मिळाले असे म्हणावे, तर ते अर्धेच खरे. मध्यंतरी जुने गावनियम मोडले होते, नवे झाले नव्हते, आणि राखणदार असा कोणीच उरला नव्हता. १९३१ साली वनपंचायतींचे नियम झाले तेव्हा कोठे ज्या गावांनी मनावर घेतले तेथे चौकीदार आला, दंड आला, पाला कोणत्या महिन्यात आणि किती तोडावा याचा शिरस्ता पुन्हा बसला.

पाला तोडण्याच्या या शिरस्त्याला मी एवढे महत्त्व का देतो ते आता सांगतो. हिवाळ्यात डोंगरातले गवत संपते आणि गुरांना हिरवा चारा म्हणून उरतो तो बांज. बायका विळा कमरेला खोवून झाडावर चढतात, एका पायाने फांदीला विळखा घालतात, टोकाकडच्या पानाळ डहाळ्या सपासप उतरवतात आणि आपल्या वजनाएवढा भारा पाठीवर घेऊन घसरड्या वाटेने घरी येतात. उरलेला सुका पाला गोठ्यात अंथरला जातो, शेणामुताने भिजून त्याचे खत होते, आणि ते पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांना मिळते. म्हणजे डोंगरातल्या शेतीची सुपीकता ही बरीचशी बांजाच्या रानातून पाठीवरून वाहून आणलेली असते. येथे ती दोन पिढ्यांच्या फळांची गोष्ट आठवावी. हिवाळ्यात तोडलेल्या डहाळीबरोबर यंदाचे बी जाते आणि पुढल्या वर्षाचेही जाते. जे झाड दरवर्षी छाटले जाते ते जिवंत राहते, हिरवेही राहते, परंतु ते निःसंतान होते. वरून पाहणाऱ्याला रान आहे तसे दिसते. खाली रोप एकही नसते. जुन्या गावनियमांत शेंडा राखण्याचा, आणि रानाचा एकेक भाग आळीपाळीने काही वर्षे बंद ठेवण्याचा जो परिपाठ होता, कोठे कोठे रान देवीला अर्पण करून ठरावीक मुदतीपर्यंत त्याला विळा न लावण्याचा जो संकल्प होत असे आणि अजून होतो, त्यात या झाडाच्या प्रजननाचे यथार्थ ज्ञान साठवलेले आहे. त्याला भोळी समजूत म्हणणाऱ्यांनी आधी बांजाचे फळ किती महिन्यांत पिकते ते पाहावे.

या ज्ञानाची मालकी कोणाकडे आहे हे चमोली जिल्ह्यातील डुंगरी-पैंतोली गावात १९८० साली दिसून आले. तेथील पुरुषांच्या पंचायतीने बांजाचे रान बागायतीसाठी तोडू देण्याचे मान्य केले होते. मोबदल्यात रस्ता, शाळा, दवाखाना, वीज यांची आश्वासने होती. बायकांनी विरोध केला, धमक्या सोसल्या, आणि रान वाचवले. ज्या पंचायतीत त्यांना जागा नव्हती तिच्या निर्णयाविरुद्ध त्या उभ्या राहिल्या. रस्ता आणि शाळा त्यांनाही नको होती असे नाही. परंतु रान गेल्यावर चाऱ्यासाठी, जळणासाठी आणि पाण्यासाठी रोज किती कोस अधिक चालावे लागेल याचा हिशेब त्यांच्या पायांना येत होता. चिपको आंदोलनाच्या कथनात १९७४ च्या रेणी गावाला आणि गौरादेवींना मिळालेले स्थान सर्वथा उचित आहे. पण मला स्वतःला डुंगरी-पैंतोलीचा प्रसंग अधिक बोधक वाटतो, कारण तेथे समोर परका ठेकेदार नव्हता, घरचीच माणसे होती.

राहता राहिला लागवडीचा प्रश्न. बांज लावता येतो का? येतो, पण ज्या रीतीने सुरू किंवा निलगिरी लावतात त्या रीतीने नव्हे. हिवाळ्यात वेचलेली फळे पाण्याच्या टोपात टाकावी : भुंगेऱ्याने पोखरलेली वर तरंगतात, ती काढून टाकावी, आणि बुडालेली तेवढी ओलसर वाळूत किंवा पातेऱ्यात ठेवून लवकर पेरावी. रोपवाटिकेच्या लहान प्लॅस्टिक पिशवीत सोटमूळ तळाला लागून वळते, वेटोळे घालते, आणि असे रोप डोंगरावर नेऊन लावले तर पहिला उन्हाळा ते बहुधा काढीत नाही. म्हणून पिशवी खोल असावी, अथवा फळ थेट जागेवरच पेरावे आणि त्यावर काटेरी फांद्यांचे आच्छादन घालावे. उघड्या माळावर एकदम बांज लावण्याचा आग्रह धरू नये. आधी तेथली चराई आणि आग दहा-पंधरा वर्षे थांबवावी, झुडपे येऊ द्यावी, पातेरा साठू द्यावा. चिडाच्या विरळ रानातसुद्धा आग न फिरल्यास पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून बांजाची रोपे आपोआप डोकावू लागलेली दिसतात. आणि प्रत्येक रानात काही जुनी, धष्टपुष्ट झाडे विळ्यापासून पूर्णपणे मुक्त ठेवावी. लागवडीच्या अहवालांत किती लाख रोपे लावली याचा आकडा असतो, तो मला निरर्थक वाटतो. बांजाच्या बाबतीत वनखात्याने आपल्या वहीत फक्त एवढेच लिहावे, की वीस वर्षांपूर्वी राखलेल्या अमुक उतारावर आज मातृवृक्षांखाली छातीइतक्या उंचीची किती रोपे उभी आहेत.

वेळेची मर्यादा पाळावयाची असल्याने बांजाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या खरसूचे प्रकरण मी उद्याच्या व्याख्यानासाठी राखून ठेवतो. ते बांजाला जोडून सांगता येण्यासारखे नाही. कारण खरसूचे फळ ऐन पावसाळ्यात पिकते, ते थंडीभर पातेऱ्याखाली वाट पाहत नाही, आणि कित्येकदा फांदीवर असतानाच त्याला मोड येतो. पाऊस पंधरा दिवस उशिरा आला तर बांजाचे जे नुकसान होते त्याहून अगदी वेगळे नुकसान त्याचे होते, आणि त्याचा विचार स्वतंत्रपणेच केला पाहिजे.